दार लावून विचारायचा प्रश्न

रुग्णवाहिका केंद्रावर तिला सगळे हेडबाई म्हणत. शाळेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण नव्या भरतीतल्या मंडळींना औषधांची पिशवी शिकवायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते ती ज्या आवाजात करायची तो ऐकून चांगले मिशीवाले गडीसुद्धा पाठ ताठ करून बसत. घरी ती सूनबाई होती. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं आणि तिला त्याची खंतही नव्हती.

पिशवी टेबलावर उघडायची आणि एकेक औषध नातेवाइकासारखं ओळख करून द्यायचं, ही तिची पद्धत. अ‍ॅड्रिनलिनची बाटली वर धरून ती म्हणे, "हा घरातला तापट काका. थांबलेल्या हृदयाला लाथ घालतो. उठलं तर उठलं." मग नॅलॉक्सोन. "अफूच्या जातीच्या नशेत श्वास घ्यायचं विसरलेल्याला हे परत आणतं, आणि परत आलेला माणूस पहिली शिवी आपल्याला घालतो. शिवी ऐकू आली की समजायचं, औषध लागू पडलं." ग्लुकोजच्या वेळी तिचा आवाज चढायचा. साखर उतरलेला माणूस दारुड्यासारखा बरळतो, आणि त्याला दारुडा समजून झोपू देणाऱ्यांवर तिचा फार राग होता.

"औषधं पाठ करून पोपटही होतो," ती सांगे. "प्रत्येक औषधाच्या आधी एक प्रश्न असतो. तो गिळलात तर औषध उलटतं."

सगळ्यात शेवटी ती जिभेखाली मारायचा छोटा फवारा काढायची. छातीत कळ येणाऱ्याला तो आराम देतो, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतो. पण पुरुष अंथरुणातल्या जोमासाठी जी गोळी घेतात, तीही वाहिन्या सैलच करते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब तळ नसलेल्या बादलीसारखा रिकामा होतो. म्हणून फवाऱ्याआधी विचारायचं, ती गोळी घेतली आहे का. आणि हा प्रश्न बायको, मुलगा, सून, शेजारी यांच्या देखत विचारला तर जगातला कुठलाही पुरुष नाहीच म्हणणार. म्हणून आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, दार लावायचं आणि मग सरळ, गोळीचं नाव घेऊन विचारायचं. केंद्रावर या प्रश्नाचं नावच पडलं होतं, दार लावून विचारायचा प्रश्न.

यावर एक गोष्ट ती हमखास सांगायची. एका निवृत्त न्यायाधीशांनी बायकोसमोर छातीवर हात ठेवून नाही म्हटलं, तेही दोनदा. दार लागलं मात्र, आणि साहेब कुजबुजले, "कपाटात मोज्यांच्या मागे आहेत, जाताना तेवढ्या घेऊन जाल का?" ऐकणारे खो खो हसत. हेडबाई हसू देई. हसलेलं लक्षात राहतं असं तिचं मत होतं, आणि ते खोटं नव्हतं. हसणं ओसरलं की ती फवारा टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "भीड भिकेची बहीण म्हणतात. आपल्या धंद्यात ती त्याहून वाईट आहे."

गाडीवरच्या तिच्या जोडीदाराला सगळे पाहुणा म्हणत. हा गडी दुसऱ्या केंद्रावरून चार दिवसांसाठी बदली म्हणून आला होता, तो परत गेलाच नाही. गाडी तो चालवायचा आणि गरज पडली की मागेही यायचा. दोघांना एकमेकांशी बोलावं लागत नसे. हेडबाईचा हात फवाऱ्याच्या कप्प्याकडे गेला की पाहुणा दाराकडे निघालाच म्हणून समजा. "चला, जरा हवा येऊ द्या त्यांना," म्हणत तो घरच्यांना असा काही बाहेर न्यायचा, की हवा यायला दार उघडं ठेवतात, लावत नाहीत, हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

आणि आता आबा. आबा म्हणजे तिचे सासरे. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि निवृत्त झाल्यावरही वर्तमानपत्र ते पेन्सिल घेऊनच वाचत. हेडबाईनं ही नोकरी धरायचं म्हटलं तेव्हा घरात वादळ उठलं होतं. सासूबाईंनी अन्न सोडायची धमकी दिली, नवरा गप्प बसला. एकटे आबा म्हणाले, "जाऊ दे तिला. आमटी करपली तर मी खाईन." आणि पुढे कितीतरी वेळा करपलेली आमटी त्यांनी बिनतक्रार खाल्ली. तिचे स्वतःचे वडील ती लहान असतानाच गेले होते. वडील म्हणून ज्याच्याशी भांडावं, ज्याची चेष्टा करावी, असा माणूस तिला मिळाला तो सासरीच.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा घरूनच इमारतींचे नकाशे काढायचा आणि त्याच्या टेबलावर आईचा फोटो होता. त्या फोटोसमोर तो अजूनही आवाज चढवत नसे. आई हा त्याच्या लेखी शेवटचा शब्द होता, आणि आबांनी तिच्या आठवणींवर दिवस काढावेत हे त्यानं न विचारताच ठरवून टाकलं होतं.

आबांनी तसं काही ठरवलेलं नव्हतं. गेल्या वर्षापासून दुपारी वाचनालयात जायचं म्हटलं की ते कडक इस्त्रीचा सदरा घालत. केसांना कलप आला. कानामागे राहिलेला काळा डाग हेडबाईनं एकदा ओल्या फडक्यानं पुसूनही दिला होता.

"आबा, वर्तमानपत्राला अत्तर आवडतं वाटतं?" तिनं विचारलं होतं.

"जुन्या पुस्तकांना कुबट वास येतो गं. त्याला उतारा नको?"

दोघं हसली आणि विषय तिथेच संपला. मग एकदा गाडीतून जाताना तिनं त्यांना वाचनालयाच्या फाटकाशी पाहिलं. शेजारी ग्रंथपाल बाई होत्या, साठीच्या आसपासच्या, आणि दोघंही पोट धरून हसत होती. हेडबाईला आनंद झाला. म्हातारपणी कुणाला हसायला सोबत मिळाली तर जगाच्या बापाचं काय जातं? नवऱ्याला मात्र तिनं यातलं अवाक्षरही सांगितलं नाही. पाहुणा शेजारीच होता, त्यालाही "पुढे बघ" एवढंच म्हणाली. थोडक्यात, तिला माहीत होतं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी तिची बाजू घ्यायला नको.

मग एका दुपारी गाडी धुऊन ती आणि पाहुणा चहाला बसली होती. वायरलेसवर निरोप आला. पुरुष, सत्तरीच्या पुढचा, छातीत कळ, घाम. मग पत्ता. पत्ता तिचाच होता. निरोप देणारीच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण तिचा आवाज थांबला.

"हेडबाई, दुसरी गाडी पुलापलीकडे आहे. तिला वेळ लागेल."

"आम्ही निघालो," हेडबाई म्हणाली.

आपल्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत, असा केंद्राचा नियम होता आणि तो शिकवणारीही तीच होती. वाटेत पाहुणा म्हणाला, "मी पुढे होतो. तुम्ही नुसता त्यांचा हात धरून बसा." त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण हात धरून नुसतं बसणं तिला कधी जमलं नव्हतं.

"तू गाडी चालव," ती म्हणाली.

आबा त्यांच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसले होते. सदरा भिजून अंगाला चिकटला होता, चेहरा राखेसारखा. नवरा पाण्याचा पेला घेऊन उभा होता आणि ते पाणी ना पाजत होता ना खाली ठेवत होता.

"वाचनालयातून आले आणि जिन्यातच बसले," तो म्हणाला. "काहीतरी कर गं."

ती करत होतीच. एकदा हात चालू झाले की तिला भीती वाटत नसे. छातीवर पट्ट्या लागल्या, कागदावर रेघा उमटल्या. झटका होता, आणि मोठा होता. पण ज्या झटक्यात फवारा अजिबात चालत नाही, त्यातला नव्हता. रक्तदाब चांगला होता, जरा जास्तच. पोटात व्रण, रक्ताची उलटी कधी झाली का, हे विचारून तिनं अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली. प्रश्न विचारला, मग औषध दिलं. सगळं जिथल्या तिथे.

"आंबट आहे गं," आबा म्हणाले.

"औषध आहे, श्रीखंड नाही. चावा."

ते कसनुसं हसले. तेवढ्या हसण्यानंही त्यांना कळ आली, आणि मुठीनं त्यांनी छाती दाबून धरली. हेडबाईचा हात फवाऱ्याच्या कप्प्याकडे गेला.

पाहुणा दाराकडे निघाला. नवऱ्याच्या कोपराला हात लावून म्हणाला, "चला, जरा हवा येऊ द्या त्यांना."

"मी कुठे जाऊ? माझे वडील आहेत ते." नवरा जागचा हलला नाही. त्यानं हेडबाईकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं.

इथे ती अडकली. न्यायाधीशांची गोष्ट तिनं घरी जेवतानाही सांगितली होती. नवरा हसता हसता ठसकला होता आणि आबांनी डोळे पुसले होते. दार लावण्याचा अर्थ काय, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. परक्या घरात दार हा आडोसा असतो. इथे ते लावणं म्हणजे आबांची झडती त्यांच्या मुलासमोर घेणं होतं. नवरा बाहेर उभा राहून त्या बंद दाराकडे बघेल, मग टेबलावरच्या फोटोकडे बघेल, आणि विचारेल, माझ्या बापाला तू हे का विचारलंस? तुला असं वाटलंच कसं? आणि आबा? ज्या माणसानं तिची करपलेली आमटी खाल्ली, त्याला तिनं गोळीचं नाव घेऊन, डोळ्याला डोळा भिडवून विचारायचं? शेकडो परक्या पुरुषांना विचारून झालेला प्रश्न होता हो. जीभ उचलेना.

"राहू दे, पाहुण्या," ती म्हणाली. "घरचंच माणूस आहे."

पाहुण्याचा हात दारावरच होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. पण ती हेडबाई होती. त्यानं हात काढला.

"आबा," ती म्हणाली, "नेहमीच्या सोडून आणखी कुठली गोळी घेतलीत का?"

आबांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, मुलाकडे. मग त्यांनी मान हलवली. "नाही गं."

असं गोलमोल विचारणाऱ्याला तिनं वर्गातून हाकललं असतं. "जीभ वर करा," ती म्हणाली आणि फवारा मारला.

खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं. नवरा पुढे पाहुण्याशेजारी बसला, ती आबांसोबत मागे. मागचं दार पाहुण्यानं बाहेरून लावलं आणि गाडी निघाली. आता मागे ती दोघंच होती. पुढच्या काचेतून नवऱ्याचं डोकं तेवढं दिसत होतं आणि भोंग्यामुळे पुढचं मागे काही ऐकू येत नव्हतं.

आबांचा हात तिच्या हातात होता, आणि तो गार पडत चालला होता. यंत्रावरचा आकडा खाली आला. तिनं पुन्हा मोजला. आणखी खाली. ओठ पांढरे झाले. तिनं स्ट्रेचरची पायाची बाजू उचलली, सलाईन पूर्ण सोडलं, पिशवी मुठीनं पिळली. पुन्हा मोजला. तिला कळलं होतं. आणि कळलं म्हणण्यापेक्षा, आता कळून घेण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. आज वाचनालयाचा सुट्टीचा वार. आबा वाचनालयातून आलेच नव्हते.

ती त्यांच्या कानाशी वाकली आणि गोळीचं नाव घेऊन विचारलं. अगदी सरळ. शिकवायची तसंच.

आबांनी डोळे मिटले. होकारार्थी मान हलवली. मग ओठ हलले. "त्याला सांगू नकोस."

"नाही सांगत," ती म्हणाली. "डोळे उघडा. आबा, डोळे उघडा म्हणते ना!"

त्यांनी उघडले नाहीत. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी धावायला लागली. तिनं पुढच्या काचेवर थाप मारली. गाडी थांबली, पाहुणा मागे धावत आला. तिनं सदरा कात्रीनं कापला, शॉक दिला, छाती दाबायला लागली. पाहुण्यानं तापट काकाची बाटली उघडली आणि औषध शिरेत सोडलं. मग पुन्हा शॉक. हृदयाचा ताल बसवणारं औषध दिलं. पुन्हा काका. पिशवीत जे जे होतं ते ते गेलं, ज्याच्या त्याच्या वेळेला, एक थेंब चुकला नाही. दाबता दाबता बरगडी मोडल्याचं तिच्या तळहाताला कळलं. तरी ती दाबत राहिली. तो खुळा काका लाथा मारत होता, पण दाराआड कुणी उरलं नव्हतं. हे सगळं नवरा काचेतून बघत होता.

रुग्णालयात त्यांनीही खूप प्रयत्न केले, आणि मग थांबले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं आणि हेडबाईनं काही हातचं राखलं नाही. कुठली गोळी, कधी विचारलं, कसं विचारलं, सगळं सांगितलं.

"झटका मोठाच होता," त्या म्हणाल्या. "फवारा नसता तरी कदाचित..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. हेडबाईनं ते पुरं करायला सांगितलं नाही. त्या कदाचितवर आयुष्य काढणारी माणसं तिनं पाहिली होती.

संध्याकाळी घर भरलं. नणंद आली, चुलत दीर आले, शेजारी आले. चपलांनी जिन्याचं तोंड अडलं. नवरा प्रत्येकाला तेच सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज भरून येत होता. "ही होती म्हणून. दुसरं कुणी असतं तर घरातच गेले असते. मी डोळ्यांनी पाहिलं, शेवटपर्यंत हिनं सोडलं नाही. हिचे हात सुजलेत बघा." आणि लोक तिचे हात बघत होते. नणंदेनं ते हात आपल्या गालांना लावले. "आबा तुझ्या हातांत गेले गं. भाग्यवान."

हेडबाई भिंतीला टेकून बसली होती. कुणी शिव्या घातल्या असत्या तर त्या तिनं गिळल्या असत्या, ही स्तुती मात्र गिळवत नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही ओळ डोक्यात माशीसारखी घोंगावत होती, आणि तीसुद्धा आबांच्या आवाजात.

पाहुणा गाडी धुऊन आला होता. त्यानं तिला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि खिशातून काही काढून ओट्यावर ठेवलं. गोळ्यांचं पाकीट. एक जागा रिकामी.

"सदऱ्याच्या खिशात होतं," तो म्हणाला. "मी टाकून देतो. कशाला उगाच. आबांची अब्रू राहू दे."

"आबांची?" ती म्हणाली.

पाहुण्यानं मान खाली घातली. "मी दार लावायला हवं होतं," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात तरी."

"तू लावत होतास," ती म्हणाली. "मी नको म्हणाले." पाकीट तिनं उचललं आणि मुठीत धरलं.

बाहेर बोलणी थांबल्यासारखी झाली, म्हणून ती आली. दारात ग्रंथपाल बाई उभ्या होत्या. साधी फिकी साडी, हातात रुमाल, डोळे कोरडे. एवढ्या माणसांत त्यांना कुठे बसायचं ते कळत नव्हतं. शेवटी चपलांजवळच्या स्टुलावर टेकल्या.

"मी वाचनालयातून आले," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं हात जोडले. रडून सुजलेल्या चेहऱ्यानं, पण अदबीनं विचारलं, "आबांकडे तुमचं एखादं पुस्तक राहिलंय का? शोधून देतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "सगळी परत आली."

थोडा वेळ बसून त्या उठल्या. हेडबाई त्यांच्यामागून जिन्यात गेली. कठड्याला धरून उभ्या असलेल्या बाई वळल्या, आणि आत कोरडे असलेले डोळे आता वाहत होते.

"मी म्हणाले त्यांना, गाडी इथेच बोलवू. ऐकलं नाही. म्हणाले, तुझ्या घरून मला उचलून नेलं तर पोराला काय वाटेल? रिक्षात बसवून दिलं मी. मी त्यांना एकट्यांनाच पाठवलं."

"तुमचा काही दोष नाही," हेडबाई म्हणाली.

"त्या गोळीचं मला फार भय वाटत होतं. मी सारखी म्हणत होते, डॉक्टरांना सांगा हं, लपवू नका." बाईंनी रुमाल तोंडाशी धरला. "तर रिक्षात बसता बसता मला म्हणतात, तू काळजी करू नकोस. माझी सून विचारेल. ती दार लावून विचारते. तिच्याशी खोटं बोलायची वेळच येत नाही माणसावर." त्या थांबल्या. "त्यांनी सांगितलं ना तुम्हाला?"

हेडबाईला आता उमगलं. म्हणजे त्या राखेसारख्या चेहऱ्यानं आबांनी तिच्याकडे पाहिलं, ते विचारू नकोस म्हणून नाही. ते दार लागायची वाट बघत होते. तिनं त्यांची भीड राखली असं तिला वाटलं होतं, आणि राखली होती ती स्वतःची.

"सांगितलं," ती म्हणाली. "उशिरा."

बाई गेल्या. ती जिन्यातच उभी राहिली. त्याला सांगू नकोस, असं आबा म्हणाले होते आणि ती हो म्हणाली होती. मरणाऱ्याला दिलेला शब्द. हा शब्द पाळायला काहीच मोजावं लागत नव्हतं. उलट तो पाळला की नणंद गालाला हात लावत होती, नवरा अभिमानानं रडत होता आणि उद्या ती नव्या मंडळींसमोर फवारा वर धरून पुन्हा न्यायाधीशांची गोष्ट सांगू शकली असती. इतका फायद्याचा शब्द तिनं जन्मात पाळला नव्हता. म्हणूनच तिला त्याची घाण वाटली. आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर पेन्सिल फिरवली होती. ही एवढी मोठी चूक त्यांच्याच नावाखाली झाकून ठेवायची?

ती आत आली. नवरा आबांच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसला होता, दुपारी आबा बसले होते तिथेच. भोवती नणंद, दीर, शेजारी.

"सगळे जरा बाहेर बसता का?" ती म्हणाली.

वर्गातला आवाज होता. मंडळी उठली, पायात पाय अडकवत बाहेर गेली. शेवटी पाहुणा उरला. त्यानं तिच्या मुठीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि तोही निघून गेला. हेडबाईनं दार ओढलं.

नवऱ्यानं मान वर केली. "दार कशाला लावतेस?" तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "सगळी घरचीच माणसं आहेत."

तिनं कडी घातली. त्याच्यासमोर जमिनीवर बसली, मूठ उघडली आणि पाकीट त्याच्या गुडघ्यावर ठेवलं.

"आबांना एक प्रश्न विचारायचा होता," ती म्हणाली. "मी विचारला नाही."